पोर्ट उघडू नका, टेलस्केल बघा
राउटरवर पोर्ट (बाहेरून आत यायची वाट) उघडून घरच्या पीसीतले फोल्डर मोबाईलवर बघायचा उपाय काही जण सुचवतात, तो कृपया करू नका. विंडोजचं फाइल शेअरिंग 445 नंबरच्या पोर्टवर चालतं आणि 2017 मध्ये वॉनाक्राय हा खंडणी मागणारा व्हायरस याच शेअरिंगमधल्या त्रुटीतून जगभर पसरला होता. शिवाय बऱ्याच ब्रॉडबँड कंपन्या एकच पब्लिक आयपी (इंटरनेटवरचा पत्ता) अनेक ग्राहकांत वाटतात. मग पोर्ट उघडूनही बाहेरून काही पोचत नाही.

त्यापेक्षा टेलस्केल टाका, म्हणजे आपली उपकरणं इंटरनेटवरून एकमेकांना सुरक्षितपणे जोडणारं अ‍ॅप. वायरगार्ड या व्हीपीएन तंत्रावर आधारलेलं आहे, घरगुती वापराला फुकट. पीसी आणि फोन दोन्हींवर एकाच खात्याने लॉगिन केलं की पीसीला 100 ने सुरू होणारा पत्ता मिळतो. पीसीवर हवा तो फोल्डर शेअर करून ठेवा. आयफोनच्या फाइल्स अ‍ॅपमध्ये तीन टिंबं दाबून 'कनेक्ट टू सर्व्हर'मध्ये तो पत्ता द्या. अँड्रॉइडवर सॉलिड एक्सप्लोररसारखा एसएमबी (विंडोजच्या फाइल शेअरिंगची पद्धत) चालणारा फाइल मॅनेजर लागेल. फोल्डर उघडताना लॉगिनला विंडोजचा पिन चालत नाही, विंडोज खात्याचा पासवर्डच लागतो. बरेच जण इथेच अडकतात.

पीसी स्लीपमध्ये गेला तर काहीच दिसणार नाही, तेवढं सेटिंग बदलून घ्या. नातेवाइकांना चार फोटो द्यायचे असतील तर मात्र हा खटाटोप नको, गुगल ड्राइव्हची लिंक पुरे.