पेटी, टेपरेकॉर्डर आणि डॅनियल जॉन्स्टनचा आवाज: दोन अडचणी

रेघोट्या:
बेडूक आणि भुतांची चित्रं काढणाऱ्या अमेरिकन गायक-गीतकार जॉन्स्टनने १९८०च्या दशकात साध्या सान्यो टेपरेकॉर्डरवर गाणी भरली. त्यांतली जवळीक मला फार भावते, तशीच हवी आहे. साधन: पेटी, गळा, टेपचा आतला माइक. अडचण १: ओळ संपली की खरखर फुगत जाते. अडचण २: भरलेली कॅसेट दुसऱ्या टेपवर लावून सोबत पेटी वाजवली, तर सूर जुळत नाही.

टेपवाला:
खरखर फुगते ती ऑटो लेव्हलमुळे. मोठा आवाज आला की सर्किट पातळी दाबतं, शांत झालं की पुन्हा वर ओढतं. सोबत खरखरही वर येते. बहुतेक लहान टेपमध्ये हे बंद करायची सोय नसते. म्हणून शांतता ठेवूच नका, दोन ओळींमध्ये षड्ज हलका धरून ठेवा. तोंड माइकपासून वीतभर, पेटी चार फुटांवर. पेटी जवळ असली तर तिच्या जोराने गळाही दबतो. टेप पेटीवर ठेवू नका, भात्याची धडधड आत जाते. खाली जाड चादर घाला.

कॅप्स्टन:
दोन्ही टेपचा वेग सारखा नाही, इतकंच. गळा सावरून घेतो, पेटी घेऊ शकत नाही. ६ टक्के फरक म्हणजे जवळपास एक अर्धस्वर. सोपा उपाय: जिच्यावर भरलं तिच्यावरच वाजवा आणि नवं रेकॉर्डिंग दुसरीवर करा. फरक मोजायचा तर ४४० हर्ट्झचा सूर पहिलीवर भरून दुसरीवर वाजवा. ट्यूनर ॲपमध्ये ४४९ दिसलं तर दुसरी २ टक्के जलद. मोटरच्या मागचा वेगाचा स्क्रू लगेच फिरवू नका. आधी हेड, कॅप्स्टन (फीत ओढणारी फिरती दांडी) आणि रबरी रोलर पुसा, सैल पट्टा बदला. सेल उतरलेले असले तरी वेग पडतो.

रेघोट्या:
आभार! सेलच जुने होते. कॅसेट कुठली घ्यावी?

टेपवाला:
सी-६० (दोन्ही बाजू मिळून ६० मिनिटांची), साधी टाइप १, म्हणजे नेहमीची फीत. सी-१२०ची फीत जेमतेम ९ मायक्रॉन, रोलरमध्ये लगेच गुरफटते. आणि कॉपीची कॉपी करू नका, दर वेळी खरखर वाढते आणि शब्दांची धार जाते. जॉन्स्टनकडे सुरुवातीला कॉपीची सोयच नव्हती, तो प्रत्येक कॅसेटसाठी गाणी पुन्हा गायचा. दहा कॅसेट द्यायच्या असतील तर तुम्हीही तसंच करा, प्रत्येकीच्या कव्हरचं चित्रही वेगळं काढा. कव्हरचा पुढचा भाग सुमारे १०१ × ६५ मिमी, कणा १३. दुमडायच्या रेषा संपलेल्या बॉलपेनने आधी दाबून घ्या, म्हणजे जाड कागद कण्यावर फाटत नाही.