सुट्टीत दोन लहान मुलं घरी: पाणी, ऊन आणि बाग, आधी लक्ष कशावर द्यायचं?

मधुमालती:
सुट्टी सुरू होतेय. मुलं सव्वादोन आणि साडेपाच वर्षांची. दिवसभर कोणी ना कोणी मोठं माणूस सोबत असणार, पण आलटून पालटून. घरी फुगवायचा टब आणायचाय, आठवड्यातून एखाद्या वेळी तरणतलाव, संध्याकाळी बाग, शिवाय थोरल्याला नवी सायकल. सूचनांच्या याद्या खूप वाचल्या, पण त्यात सगळंच सारखं महत्त्वाचं असतं, त्यामुळे काहीच लक्षात राहत नाही. खरा धोका कुठे आहे आणि का, हे जाणकारांनी सांगावं. दंडाला लावायचे फुगे घेऊ का? खेळताना पाणी किती वेळाने द्यायचं? पाण्यात नाकातोंडात पाणी गेलं तर पुढे काय बघायचं?

तरंग:
मी मुलांना पोहायला शिकवतो, म्हणून पाण्याबद्दलच लिहितो. तुमच्या यादीत ते पहिल्या नंबरवर ठेवा. बुडण्याचा धोका सर्वांत जास्त असतो तो १ ते ४ या वयात, म्हणजे तुमच्या धाकट्याच्या.

बुडणारं मूल ओरडत नाही, हे आधी डोक्यात पक्कं बसू द्या. तोंड पाण्यावर येतं तेवढ्यात श्वास घ्यायलाच जेमतेम वेळ मिळतो, हाक मारायला नाही. हात बाजूला पसरून पाणी खाली दाबत राहतात, अंग उभं असतं, मान मागे गेलेली, पाय जवळजवळ थांबलेले. हे सगळं मिनिटभराच्या आत होतं. बघणाऱ्याला वाटतं, मूल खेळतंय. म्हणून 'आवाज आला की धावू' हा हिशेब पाण्यात चालत नाही. धाकटा पाण्यात किंवा पाण्याजवळ असेल तेव्हा तुमचा हात त्याच्यापर्यंत पोहोचला पाहिजे, इतक्या अंतरावर राहा.

तुमच्याकडे मोठी माणसं आलटून पालटून असणार, तिथेच खरी गोम आहे. चार जण असले की प्रत्येकाला वाटतं दुसरा बघतोय. म्हणून एका वेळी एकच राखणदार ठरवा. त्याच्या हातात फोन नको, पुस्तक नको. १५-२० मिनिटांनी पाळी बदला आणि बदलताना तोंडाने बोला: "आता तू बघ." समोरून "हो, मी बघतोय" असं उत्तर आल्याशिवाय जागेवरून हलू नका. या वयाच्या मुलांसाठी माझ्या मते याहून उपयोगी नियम नाही.

टबचं पाणी काही सेंटीमीटरच असलं तरी धोका आहेच. या वयात डोकं शरीराच्या मानाने जड असतं. वाकून बघताना तोल गेला तर मूल डोक्यावर पडतं आणि हातांच्या जोरावर स्वतःला वर काढता येत नाही. अर्धी भरलेली बादली तर आणखी वाईट, कारण ती मुलाच्या वजनाने कलंडत नाही. खेळ संपला की टब लगेच रिकामा करून उपडा ठेवा, 'संध्याकाळी परत खेळतील' म्हणून भरलेला नको. न्हाणीघराला वर, मुलाच्या हाताला लागणार नाही अशी कडी बसवा.

दंडावरचे फुगे घेऊ नका. ओले झाले की सरकतात, झडप सैल असेल तर हवा जाते. शिवाय त्यांच्यामुळे मुलाला पाण्यात उभं तरंगायची सवय लागते, आणि बुडताना शरीर नेमकं तसंच उभं असतं. फुगे काढल्यावरही 'मला तरंगता येतं' हा समज राहतो आणि मूल सरळ पाण्यात उडी घेतं. त्याऐवजी वजनाच्या पट्ट्यात बसणारं लाइफ जॅकेट घ्या, ते किती किलोसाठी आहे हे आत लिहिलेलं असतं. सगळे पट्टे आवळून मुलाला हात वर करायला सांगा आणि खांद्यापाशी धरून जॅकेट वर ओढा. ते हनुवटीच्या वर, कानाला लागेल इतकं सरकलं तर मोठं आहे. धाकट्यासाठी मांड्यांमधून जाणारा पट्टा आणि डोक्यामागे आधाराची कॉलर असलेलंच बघा. जॅकेट घातलं तरी राखणदार लागतोच.

तरणतलावावर जायचं तर पोहण्याचे कपडे भडक केशरी किंवा झगझगीत गुलाबी घ्या. निळे, पांढरे, राखाडी पाण्याखाली दिसेनासे होतात. तळाच्या जाळीचं झाकण तुटलेलं किंवा सैल असेल तर त्या तलावात उतरूच नका, तिथल्या ओढीत केस किंवा हात अडकतो. आणि मूल दिसेनासं झालं तर आधी पाणी बघा, मग घर, कपाटं, रस्ता.

मधुमालती:
राखणदाराची कल्पना आजच सगळ्यांना सांगते. नाकातोंडात पाणी गेल्यावर काही तासांनी 'कोरडं बुडणं' होतं असे मेसेज फिरतात. ते खरं आहे का?

बालवॉर्ड:
त्या मेसेजमध्ये असतं तसं, काहीही लक्षण नसलेलं मूल दिवसांनंतर अचानक दगावतं, असं होत नाही. घोटभर पाणी गेलं, खोकला आला, पाच-दहा मिनिटांत थांबला आणि मूल पुन्हा खेळायला लागलं तर काळजी नको. पण पाण्यातून ओढून काढावं लागलं असेल, किंवा पुढच्या आठेक तासांत खोकला वाढत गेला, श्वास भराभर चालू लागला, फासळ्यांमधली कातडी श्वासाबरोबर आत ओढली जाऊ लागली, उलट्या झाल्या किंवा अवेळी गुंगी आली, तर थेट हॉस्पिटल गाठा. फुप्फुसात पाणी गेल्याची लक्षणं तासांत दिसतात, आठवड्याने नाही.

मूल श्वास घेत नसेल तर पोट दाबून पाणी काढायचा किंवा उलटं धरायचा प्रयत्न करू नका. त्यात वेळ जातो, शिवाय पोटातलं पाणी श्वासनलिकेत जाऊ शकतं. बुडालेल्याला आधी हवा हवी असते. म्हणून आधी तोंडाने श्वास द्या (कुठे दोन शिकवतात, कुठे पाच), मग छातीच्या मध्यावर दाब: ३० दाब, २ श्वास, असं चक्र. वेग मिनिटाला १०० ते १२०, खोली छातीच्या जाडीच्या एक तृतीयांश. दुसऱ्या माणसाने तोवर अँब्युलन्स बोलवायची. हे वाचून येत नाही. पुतळ्यावर सराव करून घेणारा वर्ग मुलांना सांभाळणाऱ्या प्रत्येकाने करावा.

आता ऊन. खेळात गुंतलेली लहान मुलं तहान लागल्याचं सांगत नाहीत, म्हणून विचारू नका, द्या. दर १५-२० मिनिटांनी खेळ थांबवून चार-सहा घोट. दिवसभराचा अंदाज दूध धरून धाकट्याला साधारण १ लिटर, थोरल्याला सव्वा लिटर, कडक उन्हात आणखी. हिशेब लघवीवरून ठेवा: सहा-आठ तास झालीच नाही, गडद पिवळी आहे किंवा रडताना अश्रू नाहीत, म्हणजे पाणी कमी पडलंय. (वाचणाऱ्यांपैकी कोणाचं बाळ सहा महिन्यांच्या आतलं असेल तर त्याला वरचं पाणी नको, दूधच जास्त वेळा पाजा.)

उष्माघातात मूल बरळतं, ओळखत नाही, लुळं पडतं किंवा झटका येतो, अंग ४० अंशांच्या वर तापतं. घाम असेलही, नसेलही, त्यावर जाऊ नका. कपडे काढून अंगावर थंड पाणी ओता, वारा घाला आणि त्याच वेळी अँब्युलन्स बोलवा. तापाचं औषध इथे चालत नाही, कारण हा ताप आजाराचा नाही. शुद्ध हरपली असेल तर तोंडात पाणी घालू नका.

बंद गाडी तर कधीच नको. पहिल्या दहा मिनिटांतच आतलं तापमान दहाएक अंशांनी चढतं आणि काच बोटभर खाली ठेवून फारसा फरक पडत नाही. मुलाचं शरीर मोठ्यांपेक्षा तीन ते पाच पट वेगाने तापतं. झोपलेलं मूल मागच्या सीटवर विसरणं बेफिकीर आई-बापांकडूनच होतं असं नाही, रोजची पाळी बदलली की कोणाकडूनही होतं. तुमची बॅग किंवा फोन मुलाच्या पायाशी ठेवायची सवय लावा. घराबाहेर उभी गाडीही कुलूपबंद ठेवा, मुलं लपाछपीत आत शिरतात आणि दार उघडता येत नाही.

सावलीचा कोपरा:
बाबागाडीवर पातळ ओढणी टाकतो आम्ही. ऊन लागत नाही, मूल शांत झोपतं.

बालवॉर्ड:
कृपा करून ते बंद करा. कोरड्या कापडाने हवा कोंडते आणि आतलं तापमान बाहेरच्यापेक्षा वाढतं, वरून मूल दिसतही नाही. बाजू मोकळ्या राहतील अशी छत्री लावा किंवा सावलीतून न्या.

झोकाझोका:
बागेबद्दल थोडं. घसरगुंडीवर सोडण्याआधी हाताची मागची बाजू पाच सेकंद टेकवा. नाही ठेववली तर मुलाची मांडीही भाजेल. प्लॅस्टिक आणि रबरी फरशीही तापते, फक्त पत्राच नाही. भाजलंच तर २० मिनिटं वाहतं पाणी, बर्फ नको, टूथपेस्ट नको.

मुलाला मांडीवर घेऊन घसरू नका. सुरक्षित वाटतं, पण मुलाचा बूट कडेला अडकतो आणि तुमचं वजन पुढे जात राहतं, नडगीचं हाड मोडतं. एकटं घसरणारं मूल पाय अडकला तर थांबतं. धाकट्याला छोट्या घसरगुंडीवर एकटं सोडा आणि बाजूला उभं राहा.

सायकलचं हेल्मेट भुवयांच्या वर दोन बोटं, सपाट बसलं पाहिजे, मागे कललेलं नको. दोन्ही बाजूंचे पट्टे कानाखाली इंग्रजी व्हीसारखे जुळतात, हनुवटीखाली जेमतेम एक-दोन बोटं मावतात. मूल मोठ्याने जांभई देतं तेव्हा हेल्मेट किंचित खाली ओढलं गेलं पाहिजे, नाही गेलं तर पट्टा सैल आहे. आणि सायकलवरून उतरून झोपाळ्याकडे पळताना हेल्मेट काढायला लावा. दांड्यांच्या फटीतून अंग जातं, हेल्मेट अडकतं आणि मूल पट्ट्यावर लटकतं. गळ्याशी नाडी असलेले कपडेही त्याच कारणाने बागेत नकोत.

मधुमालती:
हेल्मेट काढण्याचं कुठेच वाचलं नव्हतं. धाकट्यालाही आत्ताच द्यायचं का, तीनचाकीसाठी?

झोकाझोका:
हो, आणि त्याच दिवसापासून. पहिल्या फेरीपासून घातलं तर तो ते सायकलचाच भाग समजतो. जुनं, पडलेलं हेल्मेट थोरल्याकडून धाकट्याकडे देऊ नका. आतलं थर्माकोल एका जोराच्या धक्क्यात चेपतं आणि बाहेरून दिसत नाही.