मदत हवी आहे: उन्हात हळदीचा डाग फिका का पडतो?

भाची सहावीत आहे, तिला शाळेत प्रयोग दाखवायचाय. पांढऱ्या सुती रुमालावर हळदीचं बोट लावून वर कपड्याचा साबण घासला की डाग विटकरी लाल होतो, लिंबू पिळलं की परत पिवळा! हळदीतलं कर्क्युमिन (तिचं पिवळं रंगद्रव्य) अल्कलीत, म्हणजे साबण-चुन्यासारख्या आम्लाच्या उलट गुणाच्या पदार्थात, रंग बदलतं, हे तिला छान समजलंय. हळदीत चुना घालून कुंकू करतात तेही यामुळेच, हे ऐकून आजीसुद्धा खूश.

अडलंय पुढे. तोच रुमाल कडक उन्हात वाळवला की डाग उडतो. उन्हाने कर्क्युमिनचा रेणू तुटतो, एवढं मी सांगितलं. त्यावर तिचा प्रश्न, "नुसत्या उजेडाने रेणू तुटतो कसा?" तिला पटेल असं सोप्या भाषेत कोणी सांगाल का? एक रुमाल उन्हात, एक सावलीत ठेवून फरक दाखवला तर चालेल ना? शनिवारी सादरीकरण आहे.