उतरलेले तंत्रज्ञान-समभाग की महागडे ‘सुरक्षित’ समभाग?

प्रश्न:
निवृत्तीसाठी बाजूला काढलेल्या रकमेचा काही भाग समभागांत घालायचा आहे आणि दहा वर्षे त्याला हात लावायचा नाही. तंत्रज्ञान क्षेत्रातील काही कर्जमुक्त, नफ्यातील कंपन्या १२ च्या पी-ई गुणोत्तराला (म्हणजे भाव प्रतिसमभाग वार्षिक नफ्याच्या १२ पट) मिळत आहेत. साबण, शीतपेये असा नित्याचा माल विकणाऱ्या नावाजलेल्या कंपन्या मात्र ५० च्या घरात आहेत. घरच्यांचा कौल दुसऱ्या गटाला आहे, पण एवढी किंमत मोजणे मला पटत नाही. जाणकारांनी मत द्यावे.

प्रतिसाद १:
आपली शंका रास्त आहे. ५० च्या गुणोत्तराला घेतलेल्या कंपनीचा नफा वर्षाला सात टक्क्यांनी वाढला, तर तो दहा वर्षांत जवळपास दुप्पट होईल. परंतु तेवढ्या काळात गुणोत्तर २५ वर आले, तर भाव जागच्या जागी राहील आणि पदरात पडेल तो केवळ लाभांश. कोका-कोलाने १९९८ मध्ये गाठलेला उच्चांक ओलांडायला दशकाहून अधिक काळ लागला. धंदा उत्तम चालू होता, नफाही वाढला होता. खरेदीचा भावच जड होता.

प्रतिसाद २:
हिशोब बरोबर आहे, परंतु १२ हे गुणोत्तर स्वस्त ठरते ते नफा टिकला तरच. २०११ मध्ये ब्लॅकबेरी बनवणारी रिसर्च इन मोशन एकअंकी गुणोत्तराला मिळत होती आणि मार्च २०१३ मध्ये संपलेल्या वर्षात ती तोट्यात गेली. त्याच २०११ मध्ये मायक्रोसॉफ्टही दहाच्या आसपास होती. तिने पुढे गुंतवणूकदारांचे सोने केले. कार्यालयांचे रोजचे काम जिच्यावर चालते ती प्रणाली सोडणे जिकिरीचे असते, फोन मात्र ग्राहक सहज बदलतो. म्हणून प्रत्येक कंपनीच्या ग्राहकाला तिला सोडणे किती जड जाईल, हे आधी तपासावे. शिवाय कर्मचाऱ्यांना मोबदल्यात दिलेल्या समभागांचा खर्च वगळून ‘समायोजित’ नफा दाखवण्याची पद्धत या क्षेत्रात फार रुळली आहे, आणि ती मला अत्यंत आक्षेपार्ह वाटते. पुनर्खरेदीवर, म्हणजे स्वतःचेच समभाग बाजारातून परत घेण्यावर, कंपनीने पैसा ओतूनही समभागांची संख्या घटत नसेल, तर तो पैसा कर्मचाऱ्यांना दिलेल्या नव्या समभागांची भर भरून काढण्यातच जातो, आपल्यासारख्या भागधारकाच्या वाट्याला येतच नाही.

प्रश्नकर्ता:
दोघांचेही आभार. वार्षिक अहवाल पाहिले असता एका कंपनीची समभागसंख्या दरवर्षी वाढत असल्याचे आढळले, तिला यादीतून वगळत आहे. उरलेल्यांचे ग्राहक किती जुने आहेत, ते आता पाहतो.