मदत हवी आहे: मासळी कारखान्यासाठी सुऱ्या बनवून घ्यायच्या आहेत

नमस्कार मंडळी,

रत्नागिरी भागातल्या मासळी प्रक्रिया कारखान्यांना मी गमबूट, हातमोजे, क्रेट असला माल पुरवतो. आता एका गिऱ्हाइकाला सुऱ्या हव्यात, त्याही त्यांच्या मापाच्या. पातं सहा इंची, निमुळतं, जरा लवणारं; मूठ निळी, प्लॅस्टिकची; आणि प्रत्येक सुरीवर लेझरने क्रमांक. पहिली ऑर्डर ६०० नगांची. बाजारातल्या लाकडी मुठीच्या सुऱ्या निर्यातीच्या कारखान्यात चालत नाहीत. क्रमांक एवढ्यासाठी, की पाळी सुरू होताना सुऱ्या मोजून देतात आणि सुटताना मोजून घेतात. एखादीचं टोक तुटलेलं दिसलं की तुकडा सापडेपर्यंत त्या टेबलावरचा माल अडकतो.

माझं घोडं पोलादापाशी अडलंय (खालचे ३०४, ४२० हे स्टेनलेसच्या प्रकारांचे क्रमांक). एक पुरवठादार छातीठोकपणे म्हणतो, "३०४ देतो, फूड ग्रेड, गंजलं तर पैसे परत." गंजणार नाही हे मान्य, पण ३०४ भट्टीत घालून कडक होत नाही, दोन-चार क्रेट बांगडा साफ होईतो धार गेलेली असेल. दुसरा ४२० सुचवतो. त्याची धार टिकते, पण इथे सुऱ्या दिवसभर खारं पाणी आणि बर्फात, वर मधूनमधून क्लोरीनच्या पाण्यात बुडवायच्या. सध्याच्या सुऱ्यांवर मुठीच्या तोंडाशी टाचणीने टोचल्यासारखे काळे ठिपके पडलेत, आणि तपासणीला येणारा माणूस नेमका तिथेच बोट ठेवतो.

तर पोलाद कोणतं मागू? एवढ्या नगांसाठी डाय (पाती छापून कापायचा साचा) परवडते का? की सरळ चीनमधून मागवू? कारखान्यांची नावं व्यनिने (खाजगी निरोपाने) कळवलीत तरी चालेल.

– किनारा

*

किनारा, ३०४ विसरा. माल शेवटी मेटल डिटेक्टरखालून जाणार ना? ३०४ चा बारीक तुकडा त्या यंत्राला पकडायला जड जातो. ४२० च्या जातीचं पोलाद चुंबकाला चिकटतं, ते लवकर सापडतं. नमुना आला की आधी चुंबक लावून बघा.

तुमच्या कामाला १.४११६ या क्रमांकाचं सुऱ्यांचं स्टेनलेस मागा. कार्बन साधारण अर्धा टक्का, क्रोमियम १५ च्या आसपास आणि थोडं मॉलिब्डेनम. ठिपक्यांना आळा घालायला याचीच मदत होते. कडकपणा ५४ ते ५६ एचआरसी (रॉकवेल मापाने) पुरे. ५८-६० च्या मागे लागलात तर काट्यावर टोकं उडतील. ४४०सी हे जास्त कार्बनचं स्टेनलेस कुणी गळ्यात मारत असेल तर घेऊ नका, खाऱ्या पाण्यात ते आणखी लवकर ठिपके धरेल.

ठिपके मुठीच्या तोंडाशीच आहेत म्हणजे तिथे फट आहे आणि पाणी साचतंय. मूठ पात्यावर थेट ओतलेली हवी, रिव्हेटची नको.

६०० नगांना डाय कशाला? दीड-दोन मिमी पत्र्यातून लेझरने कापून घ्या. पाती कडक करायला भोसरी-चाकणकडे व्हॅक्यूम भट्टीचं जॉबवर्क होतं. धार मात्र पाण्याखाली लावून घ्या. कोरड्या चाकावर काठ निळा पडला की तेवढी धार मऊ झाली म्हणून समजा. आणि ऑर्डरवर "चांगलं स्टेनलेस" असलं काही लिहू नका. ग्रेड, एचआरसी, जाडी लिहा, प्रत्येक लॉटला मिल टेस्ट सर्टिफिकेट (पोलादात काय किती आहे याचा कारखान्याचा दाखला) मागा.

– भट्टीवाला

*

भट्टीवाले दादांनी पोलादाचं सांगितलंच आहे. मी आयात बघते, म्हणून तेवढंच. ग्वांगडोंगमधलं यांगजियांग म्हणजे सुऱ्यांचंच गाव, तुमच्या शिक्क्याचा माल सहज करून देतात. पण खरा खर्च मुठीच्या साच्याचा असतो, आणि ६०० नगांवर नवा साचा कोणी काढणार नाही. त्यांच्याकडच्या तयार मुठींपैकी एक निवडायची, रंग फक्त निळा सांगायचा. रामपूरचं नाव कुणीतरी सुचवेलच, पण तिथली ख्याती घडीच्या चाकूंची, हे काम वेगळं.

कुरियरवाले सुऱ्या म्हटलं की कां-कूं करतात. शस्त्र नियमांतली नऊ इंच लांबी आणि दोन इंच रुंदीची मर्यादा घरगुती, शेती वा औद्योगिक वापराच्या सुऱ्यांना लागू नाही. तुमचं पातं तर सहाच इंची. तरी बिलावर "मासळी प्रक्रियेसाठी औद्योगिक सुरी" असं स्पष्ट लिहा, एचएसएन (जीएसटीचा मालाचा क्रमांक) ८२११.

– सुरमईप्रेमी

*

दोघांचेही आभार. १.४११६ चा पत्रा कमी प्रमाणात कोण देतं, हे भट्टीवाले दादा सांगू शकाल का? मोठे व्यापारी पूर्ण शीटखाली बोलतच नाहीत. आणि ओला रबरी हातमोजा घातल्यावर निसटणार नाही अशी निळी मूठ कुणी वापरली असेल तर फोटो टाका, गिऱ्हाइकाला दाखवायचाय.

– किनारा