मदत हवी आहे: आरोग्यव्यवस्थेच्या सुधारणेची मांडणी एका प्रश्नापाशी अडली आहे

नमस्कार.

राष्ट्रीय आरोग्यव्यवस्थेत सुधारणा का करावी, या विषयाची मांडणी मला एका अभ्यासवर्गात करायची आहे. टिपणे बरीच झाली आहेत, पण एका ठिकाणी माझा युक्तिवाद मलाच पुरेसा पटत नाही.

पूर्वार्ध सोपा आहे. आजारपणात कमाई थांबते आणि खर्च नेमका तेव्हाच वाढतो, म्हणून उपचाराचे पैसे माणूस धडधाकट असताना, कर किंवा हप्त्याच्या रूपाने आणि ऐपतीप्रमाणे गोळा व्हावेत. जर्मनीने १८८३ साली कामगारांसाठी सक्तीचा आजारविमा आणला आणि ब्रिटनने ५ जुलै १९४८ पासून मुख्यतः करांतून चालणारी सेवा सुरू केली. वाटा दोन, तत्त्व एकच.

माझा पेच त्यापुढचा आहे. गोळा झालेला पैसा डॉक्टरांना आणि रुग्णालयांना कोणत्या हिशेबाने द्यायचा? प्रत्येक तपासणीचे वेगळे बिल चुकते केले, तर तपासण्याच वाढतात. नोंदवलेल्या माणसामागे वर्षाची ठरावीक रक्कम दिली, तर उधळपट्टीला आळा बसतो, पण गुंतागुंतीच्या रुग्णाला टाळण्याचा मोह होतो. तैवानने १९९५ मध्ये विखुरलेल्या विमा योजना एकत्र आणल्या, मात्र सेवेगणिक बिलांची पद्धत कायम ठेवली. पुढे १९९८ ते २००२ या काळात टप्प्याटप्प्याने एकूण खर्चालाच वार्षिक मर्यादा घालावी लागली. थायलंडने २००२ च्या योजनेत बाह्यरुग्णांसाठी माणशी ठरावीक रक्कम आणि दाखल रुग्णांसाठी मर्यादित निधीतून निदानगटानुसार (म्हणजे सारख्या आजारांच्या एकेका गटासाठी आधीच ठरलेली) रक्कम, असा मेळ घातला. त्यामुळे माझे मत असे झाले आहे की, पैसे देण्याची पद्धत न बदलता केवळ विम्याचे छत्र वाढवणे ही अर्धीच सुधारणा होय.

‘रुग्णालाही थोडा खर्च करू द्या, म्हणजे तो सेवा जपून वापरेल’ हा आक्षेप हमखास येईल. त्याला उत्तर आहे: अमेरिकेत रँड या संशोधन संस्थेने १९७० च्या दशकात सुरू केलेल्या आरोग्यविम्याच्या प्रयोगात, स्वतःचा वाटा भरावा लागणाऱ्यांनी अनावश्यक उपचारांबरोबर आवश्यक उपचारही कमी घेतले. (आपल्याला होणारे दुखणे किरकोळ आहे की गंभीर, हे रुग्णाला आधी कसे कळावे?)

खरी अडचण प्रतीक्षायादीची आहे. खर्चाला मर्यादा घातली की शस्त्रक्रियांसाठी रांग लागते, असे कोणी म्हटले, तर ‘पैशाने वगळण्यापेक्षा रांग न्याय्य आहे’ एवढेच उत्तर माझ्यापाशी आहे आणि ते वेदना सोसत थांबलेल्या माणसाला देण्याचे धाडस मला होत नाही. मर्यादा राखूनही रांग आटोक्यात ठेवायची, तर निधी प्राथमिक सेवेकडे वळवावा, की शस्त्रक्रियांच्या संख्येनुसार रुग्णालयांना वेगळे पैसे द्यावेत? दुसऱ्या मार्गाने आपण पुन्हा बिलांच्याच पद्धतीकडे जात नाही का? रुग्णालयाच्या हिशेबाचे किंवा नियोजनाचे काम प्रत्यक्ष केलेल्या कोणी याचा उलगडा केल्यास फार मदत होईल.