शब्दचर्चा : फ्रेंच-कॅनेडियन आडनावांमधील 'दी'

प्रश्न : क्वेबेकमधील एका कुटुंबाच्या वंशावळीचे मी मराठी भाषांतर करीत आहे. त्यात मूळ पुरुषाचे नाव 'पिएर उदों दी बोल्यू' असे आहे. मात्र त्याच्या वंशजांपैकी काही जण उदों, तर काही बोल्यू असे आडनाव लावतात. मधल्या 'दी' या शब्दासाठी 'उर्फ' लिहिणे योग्य ठरेल का?

उत्तर : 'दी' हे 'म्हणणे' या अर्थाच्या फ्रेंच क्रियापदाचे भूतकालवाचक धातुसाधित असून त्याचा शब्दशः अर्थ 'म्हटलेला' असा होतो. लेखनातील शेवटचा 'त' उच्चारात येत नाही आणि क्वेबेकच्या बोलीत तर तो शब्द 'द्झी'च्या जवळ जातो. आपला 'उर्फ' अरबीतून आला असून त्याचे मूळ 'जाणणे' या अर्थाच्या धातूत आहे. म्हणजे एका भाषेत माणूस 'म्हटला' जातो, तर दुसरीत 'ओळखला' जातो, आणि अर्थ इतका जवळचा आहे की 'उर्फ' चुकीचा म्हणता येणार नाही. तरीही मला तो अपुरा वाटतो. मराठीत 'उर्फ' बहुधा एका व्यक्तीपुरता असतो आणि पोलिसी बातम्यांमुळे त्याला लपवाछपवीची छटाही आली आहे. 'दी'नंतरचे नाव मात्र उघडपणे धारण केले जाई आणि मुलांकडे वारशाने जाई.

या नावांचा एक मोठा झरा लष्करी आहे. 1665 मध्ये कारिन्याँ-सालिएर पलटणीचे सुमारे 1,200 सैनिक न्यू फ्रान्समध्ये, म्हणजे उत्तर अमेरिकेतील तेव्हाच्या फ्रेंच वसाहतीत, उतरले आणि त्यांपैकी सुमारे 400 जण तेथेच स्थायिक झाले. सैनिकाला पलटणीत टोपणनाव मिळत असे : लाफ्लर म्हणजे फूल, सांसुसी म्हणजे निश्चिंत, आणि त्राँशमोंताञ म्हणजे चक्क डोंगर कापणारा (हे नाव ठेवणाऱ्याची विनोदबुद्धी मान्य केली पाहिजे). काही नावे मूळ प्रांतावरून पडली, जसे आंजूचा तो लांज्वँ. तर काही शेतजमिनीवरून, किंवा एकाच आडनावाची अनेक घरे असल्यास भावाभावांच्या शाखा ओळखता याव्यात म्हणून घेतली गेली. नंतरच्या पिढ्यांत कोणी पहिले नाव ठेवले, कोणी दुसरे, आणि एकाच व्यक्तीच्या बाप्तिस्म्याच्या नोंदीत एक व विवाहाच्या नोंदीत दुसरे असेही आढळते. भट घराण्याचे पेशवे होणे आपल्याला परिचित आहे. तेथे पद आडनाव झाले, येथे पलटणीतील हाक आडनाव झाली.

प्रतिप्रश्न : मग स्त्रियांच्या नावांचे काय करावे? एकाच जोडप्यातील पती व पत्नीची आडनावे सर्वत्र वेगळी दिसतात, त्यामुळे पत्नीसाठी 'माहेरचे आडनाव' असा कंस जोडावा असे मला वाटले होते.

उत्तर : तो कंस जोडू नये, कारण त्यामुळे स्त्रीला सासरचे वेगळे आडनाव होते असा समज होईल. चर्चच्या आणि नोटरीच्या दस्तऐवजांत स्त्री आयुष्यभर जन्माच्याच आडनावाने नोंदली जाई. पुढे सामाजिक व्यवहारात पतीचे आडनाव लावण्याची प्रथा रुळली, पण 1981 पासून क्वेबेकच्या कायद्यानुसार विवाहानंतरही प्रत्येक जोडीदार आपल्या जन्मनावानेच नागरी हक्क बजावतो.

वंशावळ शोधणाऱ्याला ही रीत फार उपयोगी पडते. पहिल्या विवाहाच्या नोंदीत सहसा वधू आणि वर या दोघांच्याही आईवडिलांची नावे असतात, म्हणून एका विवाहावरून मागच्या पिढीच्या विवाहाकडे पायरी-पायरीने जाता येते. विधवा किंवा विधुर यांच्या पुनर्विवाहाच्या नोंदीत मात्र आईवडिलांऐवजी अनेकदा केवळ दिवंगत जोडीदाराचे नाव सापडते आणि तेथे साखळी अडते. कुटुंबाची एखादी शाखा अमेरिकेच्या ईशान्येकडील न्यू इंग्लंडच्या कापडगिरण्यांकडे गेली असल्यास आणखी एक पेच उभा राहतो, कारण तेथे आडनावांचेच भाषांतर झाले : बुआव्हेर म्हणजे हिरवे रान, त्याचे ग्रीनवुड झाले, आणि रुआचे किंग.

तुमच्या भाषांतरापुरते सांगायचे तर पहिल्या उल्लेखात 'उदों दी बोल्यू (बोल्यू म्हणवणारे उदों)' असे लिहून पुढे 'दी' तसाच ठेवावा, आणि नामसूचीत ते घराणे दोन्ही आडनावांखाली दाखवावे. मुलीच्या नावात मूळ फ्रेंचमध्ये 'दीत' असे स्त्रीलिंगी रूप आले असेल, तर ते छपाईची चूक समजून दुरुस्त करू नये.